अल्फा कोर्स: बैठक उत्तम, प्रश्न मात्र आपले नव्हेत

सोसायटीत गणपतीची वर्गणी द्यायची का, मुलीने हिंदू मुलाशी लग्न ठरवलं तर काय म्हणायचं, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या धर्मांतराच्या व्हिडिओला उत्तर द्यायचं की गप्प बसायचं, समलिंगी असलेल्या भाच्याला घरच्या प्रार्थनेला बोलवायचं की नाही. मराठी ख्रिस्ती घरांतले हे रोजचे प्रश्न आहेत आणि त्यांवर मोकळेपणाने बोलायला मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, जागा नाही. उपासनेत एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. बायबल अभ्यासाला येणाऱ्यांना उत्तरं आधीच पाठ असतात. ख्रिस्ती विश्वासाची ओळख करून देणाऱ्या अल्फा कोर्सकडे पाहायचं ते ही जागा मिळते का, हे तपासण्यासाठी.

निष्कर्ष आधी सांगितलेला बरा. अल्फाची बैठकीची पद्धत फार मोलाची आहे आणि ती जशीच्या तशी उचलावी. त्यातली व्याख्यानं ज्या समाजासाठी घडली तो समाज आपला नाही, म्हणून त्यांच्यावर सगळी भिस्त ठेवू नये.

१९७७ साली लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन या अँग्लिकन चर्चमध्ये चार्ल्स मार्नहॅम या धर्मगुरूंनी चर्चमध्ये नव्याने आलेल्यांसाठी हा छोटासा वर्ग सुरू केला. १९९० मध्ये तो निकी गंबेल यांच्याकडे आला. गंबेल मूळचे बॅरिस्टर. ज्यांचा चर्चशी काही संबंध नाही अशांसाठी त्यांनी तो नव्याने मांडला आणि तिथून तो शंभराहून अधिक देशांत गेला. अँग्लिकन, मेथॉडिस्ट, पेंटेकॉस्टल, कॅथलिक असे सगळेच तो चालवतात. कॅथलिक धर्मग्रामांसाठी वेगळं मार्गदर्शनही आहे. चालवणाऱ्या चर्चने संकेतस्थळावर नोंदणी केली की चित्रफिती, प्रश्नांच्या याद्या आणि यजमानांच्या प्रशिक्षणाचं साहित्य मोफत मिळतं. येणाऱ्या पाहुण्याकडून पैसे घेतले जात नाहीत.

कोर्स साधारण दहा-अकरा आठवड्यांचा असतो आणि मधे एक निवासी शिबिर किंवा एक पूर्ण दिवस असतो. दर आठवड्याची बैठक तीन भागांत होते: आधी एकत्र जेवण, मग व्याख्यान किंवा चित्रफीत, मग छोट्या गटात चर्चा. येशू कोण, तो का मेला, विश्वास कसा ठेवायचा, प्रार्थना, बायबलवाचन, देवाचं मार्गदर्शन, पवित्र आत्मा, दुष्टाचा (सैतानाचा) प्रतिकार, इतरांना सांगणं, आरोग्यदान (प्रार्थनेने बरं होणं), चर्च, असा विषयांचा क्रम. २०१६ साली आलेल्या मालिकेतली फीत साधारण पंचवीस मिनिटांची आहे. फीत न दाखवता कोणी समोर उभं राहून बोललं तरी चालतं, आणि मराठी मंडळीने हाच मार्ग धरावा. फितीतल्या लंडनच्या रस्त्यांनी आणि इंग्रजी विनोदांनी साताऱ्यातल्या किंवा अहिल्यानगरातल्या माणसाचं लक्ष विषयावरून उडतं. वाचायला पडद्यावर खाली भाषांतराच्या ओळी दिल्या तरी मागच्या रांगेला त्या दिसत नाहीत. वक्त्याला मात्र पंचवीस मिनिटांची मर्यादा सक्तीने घाला. आपल्याकडे संदेश पाऊण तासाला आटोपला तरी लवकर संपला म्हणतात, आणि ती पंधरा-वीस मिनिटं चर्चेतून कापली जातात.

कोर्सचा जीव आहे तो चर्चेत. गट आठ ते बारा जणांचा, त्यात दोन यजमान आणि एक-दोन मदतनीस. यजमानाने शिकवायचं नसतं, चूक दुरुस्त करायची नसते, वाद जिंकायचा नसतो. प्रश्न विचारायचा, ऐकायचं, पुढच्याला विचारायचं. सांगायला सोपा असलेला हा नियम आपल्याकडे सगळ्यात जास्त मोडला जातो. उदाहरण घ्या. गटात कोणी म्हणतं, ‘माझा भाऊ कोविडमध्ये गेला, आम्ही रात्रंदिवस प्रार्थना केली होती, तेव्हा देव कुठे होता?’ पाच सेकंदांच्या आत कोणीतरी ज्येष्ठ सभासद रोमकरांस पत्रातलं आठव्या अध्यायाचं अठ्ठाविसावं वचन म्हणतो, सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. वचन खरं आहे, पण त्या क्षणी ते तोंड बंद करतं. विचारणारा मान डोलावतो आणि पुढच्या आठवड्यात येत नाही. तयार यजमान म्हणेल, ‘भावाचं नाव काय होतं?’ आणि थांबेल. मग, ‘असा अनुभव आणखी कोणाला आहे?’ गटात दुसरं कोणीतरी बोलू लागतं. उत्तर त्या संध्याकाळी मिळालंच पाहिजे असं नाही.

म्हणून यजमान निवडताना वचनं किती पाठ आहेत ते पाहू नका. बोलण्याआधी तीन सेकंद थांबता येतं का, ते पाहा. पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, गटाचं यजमानपद घेऊ नये, हे तर अगदी ठामपणे सांगावंसं वाटतं. पाळक वर्तुळात बसले की सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळतात आणि चर्चेची शिकवणी होते. त्यांनी व्याख्यान द्यावं, जेवण वाढावं, आणि चर्चेच्या वेळी दुसऱ्या खोलीत यजमानांसाठी प्रार्थना करावी. गट वयानुसार पाडलेले बरे. वीस वर्षांच्या मुलासमोर त्याचे काका बसले असतील तर तो लग्नाआधीच्या संबंधांबद्दल किंवा बायबलवरच्या शंकेबद्दल एक अक्षर काढणार नाही. बायका आणि पुरुष एकत्र असतील तर यजमानांत एक बाई हवीच, आणि पहिला प्रश्न एखाद्या बाईकडे जावा. नाहीतर पहिला बोलणारा पुरुष विषयाला वळण देतो आणि बायका फक्त दुजोरा देत राहतात.

आता मजकुराकडे. अल्फाची पहिली दोन-तीन व्याख्यानं गृहीत धरतात की समोरचा माणूस देव मानत नाही किंवा धर्माला कंटाळला आहे. येशू खरोखर होऊन गेला का, याचे रोमन आणि यहुदी इतिहासकारांतले आधार, हस्तलिखितांचं वय, पुनरुत्थानाचे युक्तिवाद, हे सगळं नीट मांडलेलं आहे. युरोपातल्या पाहुण्याला ते लागतं. महाराष्ट्रातल्या पाहुण्याला त्यातलं फारसं काही खटकतच नाही. येशू होऊन गेला, मोठा होता, चमत्कार केले, हे तो पहिल्याच आठवड्यात मान्य करतो. त्याचा प्रश्न वेगळा असतो: येशूच का? सगळे मार्ग एकाच ठिकाणी जातात, मग एकट्याचाच आग्रह कशाला? याला मुख्य व्याख्यानांत पुरेशी जागा नाही. यजमानांची तयारी या एका प्रश्नावर झाली नसेल तर तिसऱ्या आठवड्यानंतर चर्चा त्याच त्या जागी फिरत राहते.

या प्रश्नावर मराठी ख्रिस्ती माणसाने लंडनकडे पाहायची गरज नाही. १९१७ साली साताऱ्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारच्या येशूभक्तांना तो खुला होता. अभंग आणि कीर्तन ही त्यांची रीत होती. येशूविषयीची निष्ठा जराही पातळ न करता शेजाऱ्याची भाषा, चाल आणि भाव आपलासा कसा करायचा, याचा नमुना आपल्याच घरात आहे. अल्फाच्या बैठकीत व्याख्यानाआधी गाणं ठेवता येतं. तिथे इंग्रजी गाण्यांचे मराठी तर्जुमे वाजवण्यापेक्षा टिळकांचा एक अभंग, पेटी आणि टाळ पुरे. बाहेरून आलेल्या पाहुण्यालाही तो सूर ओळखीचा असतो.

दुसरी मोठी उणीव जातीची. अल्फात जातीवर काही नाही, आणि इंग्लंडमधल्या कोर्सकडून ती अपेक्षाही नाही. पण आपल्या मंडळ्यांत जात आहे. लग्न जुळवताना आहे, काही ठिकाणी दफनभूमीतही आहे. कायद्यातही प्रश्न उभा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. तो १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांना नाही. या विषयावर माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोग नेमला. आपल्या गटात एक तरी माणूस असा असतो की ज्याचं शिक्षण किंवा नोकरी या दर्जाच्या दाखल्याशी बांधलेली आहे. त्याच्यासमोर ‘ख्रिस्तात सगळे एक’ एवढंच म्हणून पुढे सरकणं अन्याय आहे.

मग हे विषय व्याख्यानांतच घालावेत का? नाही. कोर्सच्या स्वामित्वहक्काच्या अटी स्पष्ट आहेत: लांबी कमी करणं, काही भाग गाळणं असे किरकोळ फेरफार चालतात, मूळ स्वरूप बदलता येत नाही. अल्फा नावाखाली आपला निराळा कोर्स चालवणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. त्यापेक्षा कोर्स संपल्यावर त्याच गटांच्या, त्याच जेवणाच्या, त्याच ऐकण्याच्या नियमाने चार वेगळ्या संध्याकाळी ठेवा आणि त्यांना वेगळं नाव द्या. माझी निवड अशी: सण आणि शेजारधर्म, जात, आंतरधर्मीय विवाह, मोबाईलवरचा द्वेष आणि अफवा. समलिंगी नात्यांचा विषय गट एकमेकांत रुळल्यावर, पाचव्या संध्याकाळी घ्या. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सज्ञानांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत आणि १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, एवढी कायद्याची माहिती यजमानाला असावी. चर्चची शिकवण काय आहे तेही सरळ सांगावं. पण गटातल्या कोणाच्या तरी घरातला हा विषय आहे असं धरूनच प्रत्येक वाक्य बोलावं.

सणाची संध्याकाळ कशी चालते ते जरा जवळून पाहू, कारण विचार करायला लावणं म्हणजे काय ते तिथे कळतं. प्रश्न साधा आहे: शेजारीण गणपतीचा प्रसाद घेऊन दारात उभी आहे, घ्यायचा का? करिंथकरांस पहिलं पत्र गटासमोर ठेवा, आठवा आणि दहावा अध्याय. आठव्यात पत्राचा लेखक पौल म्हणतो की अन्नाने आपली देवापुढची योग्यता ठरत नाही, पण आपल्या मोकळिकीमुळे दुर्बळ भावाला ठेच लागता कामा नये. दहाव्यात तो दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो. मूर्तिपूजेपासून दूर पळा, हे आहेच. आणि विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं तर पुढे येईल ते काही न विचारता खा, पण ‘हा नैवेद्य आहे’ असं कोणी सांगितलं तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका, हेही आहे. आता गटाला तीन प्रश्न द्या. शेजारीण काय म्हणून देते आहे, गोड वाटा म्हणून की पूजेत सहभाग म्हणून? आपण घेतला तर घरातल्या नव्या विश्वासणाऱ्याला काय वाटेल? नाकारायचा असेल तर तिचा अपमान न होता कसा नाकाराल, तोंडातले शब्द कोणते? या तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात चांगली चर्चा होते. काही जण घ्यायचं ठरवतील, काही नाही. दोघांनी एकमेकांची कारणं ऐकून घेतली की संध्याकाळ कामी आली. वर्गणीचा प्रश्न याच रात्री निघतो. तिथे मंडपाचा खर्च आणि रक्तदान शिबिराचा खर्च वेगळा करून देता येतो का, हे मंडळाच्या कार्यकर्त्यांशी बोलून पाहावं, असा व्यवहारी मार्ग बहुतेक गट स्वतःच काढतात.

आंतरधर्मीय विवाहाच्या संध्याकाळी १९५४ चा विशेष विवाह कायदा माहीत असणारं कोणीतरी हवं. तीस दिवसांची नोटीस, तिच्यावर हरकत घेण्याची तरतूद, दोघांपैकी कोणालाही धर्म बदलावा लागत नाही ही गोष्ट. कॅथलिक असल्यास चर्चची परवानगी लागते, तीही फादरांकडून समजून घ्यावी. पालक या संध्याकाळी रडतात, चिडतात. यजमानाने त्यांना घाईने शांत करू नये.

जेवणाकडे दुर्लक्ष करू नका, निम्मी मोकळीक तिथेच येते. तीस जणांसाठी अडीच किलो तांदळाचा भाज्या घातलेला पुलाव आणि दोन किलो दह्याची कोशिंबीर पुरते. चहासाठी दोन लिटर दूध. जेवण शाकाहारीच ठेवा. गुरुवार, चतुर्थी, श्रावणी सोमवार असेल तर थोडी साबुदाण्याची खिचडी वेगळी करा. उपास करणाऱ्या पाहुण्याला तिथे आपली आठवण ठेवलेली दिसते. स्वयंपाक दर आठवड्याला त्याच दोन बायकांवर टाकू नका, चौथ्या आठवड्याला त्या थकतात आणि मग वडापाव येऊ लागतो. पुरुषांची एक पाळी लावा. उपनगरांत कामाच्या दिवशी सातची वेळ चालत नाही, लोकलने येणारा माणूस साडेसातला पोहोचतो. शनिवारी संध्याकाळी सहा ही बहुतेक ठिकाणी सोयीची वेळ. साडेआठला बैठक संपवा आणि खरोखरच संपवा.

जागा चर्चच्या मुख्य सभागृहात नको. बाकांच्या रांगा हलत नाहीत आणि वेदीसमोर कोणी शंका काढत नाही. मागचा हॉल, खुर्च्या वर्तुळात, प्रत्येक गट वेगळ्या कोपऱ्यात किंवा वेगळ्या खोलीत. दोन गट जवळ बसले की हळू बोलणाऱ्याचा आवाज पोहोचत नाही आणि नेमकी तीच माणसं महत्त्वाचं बोलत असतात. फीत दाखवणारच असाल तर आधी उतरवून घ्या, हॉलमधल्या इंटरनेटवर विसंबू नका.

शिबिर पवित्र आत्म्यावर आहे. लोणावळा, पाचगणी, देवळाली इथे निवासी जागा मिळतात, पण तरुण मुलींना घरून रात्रीची परवानगी मिळत नाही आणि गट फुटतो. एक दिवस, साडेनऊ ते पाच, हाच पर्याय धरावा. इथे भावनेचा भर वाढतो, अन्य भाषांचा, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषेत प्रार्थना करण्याचा, विषय निघतो. प्रार्थना करताना पुरुषांसाठी पुरुष आणि बाईसाठी बाई, डोक्यावर किंवा खांद्यावर हात ठेवण्याआधी विचारणं, नको म्हणणाऱ्याला पुन्हा न विचारणं, हे नियम सकाळीच सगळ्यांना मोठ्याने सांगा. मेथॉडिस्ट किंवा सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतल्या ज्येष्ठांना हा दिवस उपरा वाटू शकतो. त्यांना आधी एकदा विषय वाचायला द्या.

सगळ्यात जास्त जपायचं ते आरोग्यदानाच्या आणि दुष्टाच्या प्रतिकाराच्या व्याख्यानात. औषध चालूच ठेवायचं, डॉक्टरकडे जायचंच, हे वक्त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं पाहिजे. ‘मी बरा झालो, गोळ्या सोडल्या’ अशी साक्ष व्यासपीठावर येऊ देऊ नये. मधुमेहाचा किंवा फेफऱ्याचा रुग्ण ती ऐकून गोळ्या सोडतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, पैसे मिळवणं आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हे गुन्हे आहेत. हा कायदा सगळ्या धर्मांना लागू आहे आणि ख्रिस्ती माणसाने त्याचं मनापासून स्वागत करावं. मानसिक आजाराला भूतबाधा म्हणणारा यजमान असेल तर त्याला त्या आठवड्यापुरतं नव्हे, कायमचं बाजूला करा.

निमंत्रणाच्या पत्रकावर ‘ख्रिस्ती विश्वासाची ओळख’ असं ठळक लिहा. ‘व्यक्तिमत्त्व विकास’ किंवा ‘तणावमुक्ती’ अशा नावाने बोलावणं खोटं आहे, आणि ते उघडं पडलं की मंडळीवरचा विश्वास जातो. अनेक राज्यांच्या धर्मांतरविषयक कायद्यांत ‘प्रलोभन’ या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. म्हणून जेवणापलीकडे भेटवस्तू, शालेय साहित्य, फीची मदत असलं काहीही या कोर्सशी जोडू नका, आणि सुरू करण्याआधी सध्याचा कायदा वकिलाकडून समजून घ्या. अठरा वर्षांखालील मुलांसाठी वेगळी मालिका आहे. तिला दोन्ही पालकांची लेखी संमती घेतल्याशिवाय कोणालाही बसवू नका.

ज्या मंडळीत ऐकून घेणारी चार माणसं आहेत तिने हा कोर्स जरूर घ्यावा. आधी फक्त स्वतःच्या सभासदांसाठी एकदा चालवावा, बाहेरच्यांना दुसऱ्या फेरीला बोलवावं. पहिल्या फेरीत यजमानांना गप्प राहायची सवय लागते आणि आपलेच लोक इतकी वर्षं कोणत्या शंका पोटात घेऊन बसले होते ते कळतं. सारं काही एकट्या पाळकांच्या खांद्यावर चालत असेल, तर नोंदणी पुढच्या वर्षावर टाका आणि हे वर्ष यजमान तयार करण्यात घालवा.